कंसातली माणसं

मराठीत लघुकथेवर टीका झाली, लघुनिबंधावर झाली, लघुकादंबरीवरसुद्धा झाली. पण वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीकडे समीक्षकांनी द्यावं तसं लक्ष दिलं नाही. वास्तविक मराठीतला सगळ्यांत काटेकोर गद्यप्रकार तोच. कादंबरीकारानं शब्द वाढवले तर पुस्तकाची किंमत वाढते. छोटी जाहिरात देणाऱ्यानं शब्द वाढवले तर त्याच्याच खिशाला चाट बसते. हा फरक शैलीला फार उपकारक असतो. 'पाहिजे : अनुभवी टंकलेखक. मराठी-इंग्रजी. समक्ष भेटा, १० ते १२.' यातला एक शब्द इकडचा तिकडे करून दाखवा! मी चाळीस वर्षं पुस्तकांची परीक्षणं लिहितो आहे. इतकं बांधीव गद्य मला फार थोड्या कादंबऱ्यांत भेटलं.

शिवाय या गद्यप्रकारानं एक शब्द मोठ्या प्रेमानं सांभाळला. तो शब्द म्हणजे 'क्षमस्व'. 'जागा भाड्याने देणे आहे. एजंट क्षमस्व.' 'स्थळ पाहिजे. मध्यस्थ क्षमस्व.' माणसाला दारातून परत तर पाठवायचंच आहे, पण पाठवताना हात जोडायचे. दर शब्दाला पैसे पडत असताना लोक हा शब्द विकत घेत आले, हे लक्षात घ्या. नकार फुकटात देता आला असता. त्यांनी तो सभ्यतेचा खर्च सोसून दिला.

या जाहिरातीचा वंश बुडाला की काय, अशी मला काळजी होती. तसं झालेलं नाही. फक्त तिची नात उलट्या पावलांची निघाली. पूर्वी मालक जाहिरात देऊन स्वस्थ बसे आणि माणूस ती शोधत येई. आता माणसं आपापली माहिती संगणकावर मांडून बसतात आणि मालकाची माणसं त्या ढिगात हात घालून हवा तो दाणा उचलतात. १९९७ साली 'नोकरी डॉट कॉम' निघालं, २००३ साली 'लिंक्डइन' सुरू झालं, आणि ढीग डोंगराएवढा झाला. डोंगरातून उंदीर काढायचा तर कुदळ चालत नाही, मंत्र लागतो. तो मंत्र म्हणजे आजच्या परीक्षणाचा विषय.

माझी भाची पुण्यात हेच काम करते. या कामाला 'सोर्सिंग' म्हणतात. 'मी सोर्सिंगमध्ये आहे' असं तिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटलं, पोरगी वशिल्याच्या खात्यात लागली. चार जणांनी लगेच आपापल्या मुलांचे अर्ज आणून दिले. तर या सोर्सिंगवाल्यांचा मंत्र असतो त्याला ते 'स्ट्रिंग' म्हणतात. स्ट्रिंग म्हणजे दोरा. आपल्याकडे सूत्र म्हणजेही दोराच. पाणिनीनं लिहिली ती सूत्रं आणि भाची लिहिते तीही सूत्रंच, फक्त पाणिनीला महिनाअखेरचं टार्गेट नव्हतं.

तिनं एका कारखान्यासाठी गोदाम सांभाळणारा माणूस शोधायला लिहिलेलं सूत्र मूळ स्वरूपात देतो. इंग्रजीत ते असतं तसंच आपल्या लिपीत उतरवलं आहे :

("वेअरहाऊस" ऑर "इन्व्हेंटरी" ऑर "लॉजिस्टिक्स") अँड "एसएपी" अँड ("पुणे" ऑर "चाकण" ऑर "तळेगाव") नॉट ("सेल्स" ऑर "मॅनेजर" ऑर "रिक्रूटर")

प्रथमदर्शनी ही नवकविता वाटते. क्रियापद नाही, कर्ता नाही, आणि कवीला काय म्हणायचंय हे फक्त कवीला माहीत. पण नवकवितेत आणि यात एक मूलभूत फरक आहे. नवकविता वाचून कुणालाही नोकरी लागल्याचं ऐकिवात नाही. हिच्यामुळे लागते. म्हणूनच ती नीट वाचायला हवी.

पहिला विचार कंसाचा. आपण शाळेत 'कंचेभागुबेव' घोकलं, त्यातला पहिला 'कं' तो हाच. आधी कंस सोडवायचा, मग बाकीचं. कंस विसरला की यंत्र कोणता शब्द कुणाशी बांधेल सांगता येत नाही. कंस म्हटलं की आपल्याला एक मामाही आठवतो. मी स्वतः मामा असल्यामुळे हा मुद्दा जपून मांडतो. त्या मामाचा शोधसुद्धा सूत्रबद्ध होता : देवकीचा, आणि आठवा. इतकं नेमकं सूत्र भल्याभल्यांना जमणार नाही. पण मोजण्यात घोटाळा होईल या धास्तीनं त्यानं 'आठवा'च्या जागी 'पहिला किंवा दुसरा किंवा तिसरा' असं वाढवत नेलं. नको ती मुलं हाती लागत गेली. आणि ठिकाण मात्र एकच ठेवलं : मथुरा. हवा असलेला उमेदवार एका रात्रीत यमुना ओलांडून गोकुळात! चाकण-तळेगाव लिहून शिक्रापूर विसरणाऱ्यांची परंपरा इतकी जुनी आहे.

आता 'अँड' घ्या. हा दिसायला 'आणि'चा सख्खा भाऊ, पण स्वभावानं अगदी वेगळा. 'पुण्याची आणि नाशिकची माणसं पाहा' असं साहेब म्हणतो तेव्हा त्याला दोन्हीकडची चालणार असतात. सूत्रात तसंच 'पुणे अँड नाशिक' लिहिलं, तर ज्याच्या माहितीत दोन्ही गावांची नावं आहेत तेवढाच हाती लागतो, म्हणजे बहुधा एस.टी.चा कंडक्टर. साहेबाच्या तोंडच्या 'आणि'ला यंत्राच्या भाषेत 'ऑर' म्हणावं लागतं. या कामात भाषांतर हाच अर्धा धंदा आहे, असं भाची म्हणते. उरलेला अर्धा म्हणजे साहेबाला ते समजावून सांगणं.

'अँड' वाढवत नेणं हा नवशिक्या सूत्रकारांचा दोष. प्रत्येक 'अँड' म्हणजे एक उंबरठा. सहा उंबरठे केले की घरात कुणी येत नाही आणि मग 'हल्ली माणसंच मिळत नाहीत' असं म्हणायला घरमालक मोकळा. आपले जुने लोक यात शहाणे होते. पत्रिका जुळवताना छत्तीसपैकी अठरा गुण जमले तरी ते लग्न लावून देत. मुलगी मंगळाची निघाली आणि स्थळ हातचं जाऊ नये असं वाटलं, तर गुरुजी 'मंगळ आहे, पण सौम्य आहे' म्हणत. सूत्रात सौम्य मंगळाची सोय नाही. शब्द आहे किंवा नाही. एक किंवा शून्य.

सूत्रकाराची खरी प्रतिभा दिसते ती 'ऑर'च्या कंसात. एकाच कामाला माणसं किती नावांनी हाक मारतात, हे ज्याला ठाऊक त्याचा हा कंस भरगच्च. मुंबई शोधायची तर 'बॉम्बे'ही लिहावं लागतं, कारण विद्यापीठाचं नाव १९९६ साली बदललं आणि त्याआधीच्या पदव्यांवर जुनंच नाव आहे. माटुंग्याच्या व्ही.जे.टी.आय.ची तर बहारच आहे. १९९७ साली व्हिक्टोरियाबाई गेल्या आणि वीरमाता जिजाबाई आल्या, पण इंग्रजी आद्याक्षरं तीच राहिली. नुसती आद्याक्षरं लिहिलीत तर दोन्ही पिढ्या सापडतात. अवतरणचिन्हात व्हिक्टोरियाबाईंचं पूर्ण नाव घातलंत तर तरुण पोरं गळतात आणि जिजाबाईंचं घातलंत तर पन्नाशीचे इंजिनियर गळतात. वय विचारायचा प्रश्नच येत नाही, अवतरणचिन्हंच ते काम परस्पर करतात.

मुरलेले सूत्रकार चुकीची स्पेलिंगंसुद्धा 'ऑर'मध्ये घालतात. इंग्रजीत मॅनेजर लिहिताना मधली एक 'ए' निसटली की जो शब्द उरतो त्याचा अर्थ होतो गव्हाण. शब्द इंग्रजी कोशात असल्यामुळे स्पेलिंग तपासणारं यंत्र हूं की चूं करत नाही. अशा गव्हाणी या ढिगात पुष्कळ आहेत. एका अक्षरासाठी माणूस जाऊ नये म्हणून गव्हाणीत वाकून पाहणारा सूत्रकार मला थोर वाटतो. उत्तम लेखकाला आपल्या पात्रांची बोली माहीत असते, तशी याला आपल्या उमेदवारांची चूकही माहीत असते.

आणि आता 'नॉट'. इथे मात्र परीक्षकाला चष्मा पुसावा लागतो.

'नॉट'चा उगम निरुपद्रवी आहे. 'रिक्रूटर' हा शब्द वगळावा लागतो, कारण माणसं शोधणाऱ्यांच्या स्वतःच्या माहितीतही तेच सगळे शब्द खच्चून भरलेले असतात. जाळं टाकावं आणि त्यात दुसरे कोळीच सापडावेत, असा प्रकार. इथवर ठीक. पण एकदा वगळण्याची चटक लागली की हात थांबत नाही. गोदामात विक्रीची माणसं नकोत म्हणून 'सेल्स' वगळला. फार मोठ्या पगाराचे नकोत म्हणून 'मॅनेजर' वगळला. आता ज्या गरिबानं 'मी प्लांट मॅनेजरच्या हाताखाली काम केलं' असं लिहिलंय त्याचं काय? तोही गेला. यंत्राला शब्द दिसतो, शब्दाच्या आधी 'हाताखाली' आहे हे दिसत नाही.

शिवाय 'नॉट'च्या दारात 'ऑर'ची वृत्तीच पालटते. आत बोलावताना 'ऑर' उदार असतो : यातला एक शब्द असला तरी या. 'नॉट'च्या पुढे तोच 'ऑर' म्हणतो : यातला एक शब्द असला तरी चालते व्हा. हा नियम तर्कशास्त्रात ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नावानं ओळखला जातो. गृहस्थ इंग्रज, पण १८०६ साली जन्मले आपल्या मदुराईत. 'सून असताना एक, सासू झाल्यावर दुसरी' हे मदुराईत जन्मलेल्या माणसाला सुचावं यात नवल नाही.

आमच्या सोसायटीत एक गृहस्थ आहेत. एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं स्टोअर सांभाळलं. कारखाना बंद पडला तेव्हा हे बावन्न वर्षांचे. बिन कार्ड, जीआरएन, इंडेंट, गेटपास ही त्यांची बाराखडी. अंधारात हात घातला तरी अर्ध्या इंचाचा बोल्ट कुठल्या कप्प्यात आहे ते सांगतील. शेवटची सहा वर्षं एसएपीवरही काम केलं. मुलानं त्यांची माहिती संगणकावर चढवून दिली आणि ते वाट पाहत बसले. दोन वर्षं बसले. फोन नाही, पत्र नाही. रोज सकाळी पेपर वाचून झाला की ते मुलाला विचारत, 'काही आलं?' मुलगा म्हणे, 'नाही, बाबा.' पुढे पुढे त्यांनी विचारणं सोडलं. मग सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची चावी त्यांच्याकडे दिली. तिचंही त्यांनी रजिस्टर केलं.

त्यांचा कागद मी भाचीला दाखवला. तिनं वाचला आणि म्हणाली, "मामा, हे काका माझ्या स्ट्रिंगमध्ये तीनदा मेलेत."

पहिल्यांदा मेले ते 'स्टोअरकीपर' म्हणून. अठ्ठावीस वर्षं सगळा कारखाना त्यांना ज्या नावानं ओळखत होता ते नाव कंसात नव्हतं. कंसात 'वेअरहाऊस' होतं. दुसऱ्यांदा मेले ते प्रामाणिकपणे 'रिपोर्टिंग टू प्लांट मॅनेजर' लिहिलं म्हणून. आणि तिसऱ्यांदा 'सेल्स रिटर्न'पायी. विकलेला माल परत आला की तो तपासून नोंदवून घेणं हे स्टोअरवाल्याचं काम. ते त्यांनी चोख केलं आणि तसं लिहिलं. चोख केलेल्या कामानंच घात केला.

भाचीनं तिथल्या तिथे 'ऑर "स्टोअरकीपर" ऑर "स्टोअर्स"' असं वाढवलं आणि 'नॉट'मधून दोन शब्द काढले. काकांना मुलाखतीचं बोलावणं आलं. पांढरा शर्ट इस्त्री करून गेले. समोर दोन माणसं बसली होती. त्यांनी कागद वाचला, प्रश्न विचारले, चहा दिला, आणि शेवटी सांगितलं की रात्रपाळी आहे, तुमच्या वयाला झेपणार नाही. घरी येताना काका माझ्याकडे थांबले. मला वाटलं, खट्टू असतील. तर म्हणाले, "दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी नाही म्हटलं हो!"

या वाक्यावर मी बराच विचार केला आहे. त्यांना नोकरी मिळाली नव्हती, नकार मिळाला होता. आणि नकार मिळायलासुद्धा आधी कुणाला तरी दिसावं लागतं. 'एजंट क्षमस्व' वाचून एजंटाला निदान कळत असे की आपण एजंट आहोत म्हणून नको आहोत. 'नॉट'नं वगळलेल्याला ते कधीच कळत नाही. त्याला वाटतं, आपल्यातच काही कमी असेल. कमी असतो तो दुसऱ्याच्या कंसातला एक शब्द.

या साऱ्याचा मूळपुरुष जॉर्ज बूल. त्याच्याच नावावरून या सूत्रांना बूलियन म्हणतात. १८१५ साली इंग्लंडमधल्या लिंकन गावात एका जोडे शिवणाऱ्याच्या घरी जन्मला. घरची ओढग्रस्त, म्हणून सोळाव्या वर्षापासून शाळामास्तरकी केली, एकोणिसाव्या वर्षी स्वतःची शाळा काढली आणि वरचं गणित आपलं आपण वाचून शिकला. विद्यापीठाचं तोंड विद्यार्थी म्हणून कधी पाहिलं नाही. तरी १८४४ साली रॉयल सोसायटीनं त्याच्या निबंधाला पदक दिलं, आणि १८४९ साली आयर्लंडमधल्या कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजनं त्याला गणिताचा पहिला प्राध्यापक नेमलं. विचारांच्या नियमांवरचा त्याचा मोठा ग्रंथ १८५४ चा. तर्काला त्यानं बीजगणितात बसवलं : सगळं जग म्हणजे एक, आणि 'नॉट क्ष' म्हणजे एक वजा क्ष. १९३७ साली क्लॉड शॅनन या तरुणानं हेच बीजगणित विजेच्या स्विचांना लागू पडतं हे दाखवलं आणि त्यातून पुढे संगणकांची रचना करणं सोपं झालं.

आता क्षणभर समजा की कॉर्कच्या कॉलेजनं तेव्हा सूत्र लावून माणूस शोधला असता : "प्राध्यापक" अँड "गणित" अँड ("बी.ए." ऑर "एम.ए.") नॉट "शाळामास्तर". जॉर्ज बूल जॉर्ज बूलच्या चाळणीतून पहिल्या फेरीतच गळला असता! तो गळला नाही, कारण त्याची शिफारस करणाऱ्यांनी पदवी न शोधता त्याचं लिखाण वाचलं होतं. त्या शिफारस करणाऱ्यांत एक होते आपले मदुराईचे डी मॉर्गन.

तुम्ही म्हणाल, मग सूत्र मोडीत काढा. तसं माझं म्हणणं नाही. भाचीची बाजूही ऐकली पाहिजे. एका जागेसाठी हजारो माहितीपत्रं पुढ्यात असतात आणि संध्याकाळपर्यंत दहा नावं द्यायची असतात. ती म्हणते, "मामा, सगळी वाचायची म्हटली तर मी रिटायर होईन, आणि माझ्या जागी माणूस शोधायला पुन्हा स्ट्रिंगच लागेल." बरोबर आहे. हल्ली तर म्हणे शब्दांऐवजी अर्थ ओळखणारी यंत्रं आलीत. कंस नको, अँड नको, साध्या भाषेत मागा, माणूस हजर. मला त्यांचं कौतुक आहे, पण त्यांनी कुणाला का वगळलं ते वाचता येत नाही. बूलच्या सूत्राचं एक बरं आहे. त्याचा दुष्टपणासुद्धा अडीच ओळींत लिहिलेला असतो. जे लिहिलेलं असतं त्यावर टीका करता येते, आणि टीका झाली की कधीकधी सुधारणाही होते.

भाचीची स्वतःची एक रीत आहे, ती मला एखाद्या वाङ्मयीन मूल्यासारखी वाटते. सूत्र पक्कं करण्याआधी ती 'नॉट'च्या जागी 'अँड' घालून ते एकदा चालवते. म्हणजे जी माणसं बाहेर काढणार तीच समोर येऊन बसतात. त्यातली पहिली वीस-पंचवीस ती डोळ्यांखालून घालते. एखादा भला माणूस उगाच चालला आहे असं दिसलं, की तो शब्द 'नॉट'मधून काढते. दहा मिनिटांचं काम. या दहा मिनिटांचा पगार तिला कुणी देत नाही. छोट्या जाहिरातीतल्या 'क्षमस्व'चे पैसे असेच कुणीतरी पदरचे भरत होतं.

एकूण, प्रस्तुत सूत्र बांधेसूद आहे. 'ऑर'चा परिपोष अधिक व्हायला हवा होता, स्टोअरकीपर हे महत्त्वाचं पात्र पहिल्या आवृत्तीत सुटून गेलं होतं. 'अँड' माफक आहे, ही जमेची बाजू. 'नॉट'चा मोह आवरता आला असता तर कृती निर्दोष झाली असती. अवतरणचिन्हांची छपाई स्वच्छ आहे, कंस सगळे जिथल्या तिथे मिटले आहेत. लेखिकेकडून मोठ्या अपेक्षा आहेत.

पृष्ठसंख्या : अडीच ओळी. मूल्य : कंसात कोण राहतं त्यावर अवलंबून.